ए.आय. येईल हो, पण मीटर कुठे आहे?

संपादक मंडळाने विषय दिला, 'ए.आय. आणि शाश्वत ऊर्जा'. वर अट अशी की लेख मराठी विभागासाठीच हवा. आता माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'शाश्वत' हा शब्द मी ह्याआधी फक्त कीर्तनाच्या लाउडस्पीकरवरून ऐकलेला. आणि 'उत्सर्जन' हा शब्द मराठी शाळेत जाणाऱ्या मैत्रिणीच्या पुस्तकात, किडनीच्या चित्राखाली पाहिलेला. कार्बनचं उत्सर्जन त्याच कुळातलं आहे, हे तसं बरोबरच आहे म्हणा! असो. भाषा सांभाळून घ्या, मुद्द्यावर मात्र खुशाल भांडा.

ह्या विषयावर आपल्या कॅन्टीनमध्ये दोन पार्ट्या आहेत. पहिली म्हणते, ए.आय. आलं की ग्रीड स्मार्ट होईल, वीज वाचेल, कार्बन घटेल, आपण फक्त कोड लिहायचा. दुसरी म्हणते, चॅटजीपीटीला एक प्रश्न विचारला की कुठेतरी एक झाड मरतं. (दोन्ही पार्ट्यांची पोरं सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत चॅटजीपीटीलाच शरण गेलेली असतात, तो भाग वेगळा.) माझं भांडण दोघांशी आहे. पण खरं भांडण आपल्या कॉलेजशी आहे. हॉस्टेलसाठी 'ए.आय. आधारित ऊर्जा व्यवस्थापन' आणायचं म्हणून जी चर्चा चालली आहे, त्याबद्दल. ते शेवटी करीन. आधी थोडा अभ्यास.

कुठल्याही सेमिनारला जा, दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर एक आकडा हमखास भेटतो. ४० टक्के! २०१६ साली गुगलच्या डीपमाइंड ह्या कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या मशीन लर्निंगने डेटा सेंटरच्या कूलिंगची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी केली. बातमी खरी आहे. पण आपल्याकडे ती कानोकानी फिरत 'ए.आय.मुळे ४० टक्के वीज वाचते' अशी झाली. अहो, ४० टक्के कशाचे? कूलिंगच्या विजेचे. सगळ्या विजेचे नाहीत.

डेटा सेंटरवाले पी.यू.ई. नावाचं एक गुणोत्तर मोजतात. सर्व्हरना एक रुपयाची वीज लागली, तर पूर्ण इमारतीला मिळून किती रुपयांची लागली, एवढाच त्याचा अर्थ. गुगलच्या सगळ्या सेंटर्सची सरासरी त्या काळात १.१२च्या आसपास होती. म्हणजे एक रुपया सर्व्हरला आणि वरचे बारा पैसे कूलिंग, ट्रान्सफॉर्मरमधला लॉस वगैरेला. डीपमाइंडने स्वतःच सांगितलं होतं की हा 'वरचा' खर्च १५ टक्क्यांनी उतरला. सरासरीवर हिशोब केला तर बारा पैशांचे १५ टक्के म्हणजे दोन पैसेसुद्धा भरत नाहीत. ज्यांचं बिल अवाढव्य असतं त्यांना दोन पैसे पण खूप, ह्यात शंका नाही. पण सेमिनारमध्ये ४० सांगायचे आणि दोन गाळायचे, हे काही इंजिनिअरचं लक्षण नव्हे.

मला त्या कहाणीतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ते जमलं का? कारण तिथे हजारो सेन्सर आधीपासून बसवलेले होते आणि त्यांचा डेटा वर्षानुवर्षं साठवलेला होता. पंप, चिलर, कूलिंग टॉवर हे सगळं कॉम्प्युटरवरून कमी-जास्त करता येत होतं. आणि काय कमी करायचं हे एका आकड्यात लिहिता येत होतं. मोजमाप होतं, हातात मूठ होती, ध्येय ठरलेलं होतं. ए.आय. ह्या तिन्हींच्या नंतर आलं. २०१८मध्ये तर त्यांनी कंट्रोलच ए.आय.कडे सोपवला, तरी सुरक्षिततेच्या मर्यादा माणसांनी आखून दिल्या होत्या आणि ऑपरेटरला वाटेल तेव्हा तो काढून घेता येत होता. हे तीन शब्द, मोजमाप, मूठ आणि ध्येय, डोक्यात ठेवा. पुढे लागणार आहेत.

आता ग्रीडकडे येऊ, कारण मी इलेक्ट्रिकलची आहे आणि ए.आय.ने उत्सर्जन खरोखर घटण्याची जागा मला तिथे दिसते.

वीज साठवता येत नाही, असं आपण पहिल्या वर्षापासून पाठ करतो. बॅटऱ्या आल्या तरी राज्याच्या पातळीवर अजून बऱ्याच अंशी तेच खरं आहे. ज्या क्षणाला जेवढी मागणी, त्या क्षणाला तेवढी निर्मिती, नाहीतर फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झवरून हलते. आपल्या ग्रीड कोडमध्ये तिला ४९.९० ते ५०.०५ एवढ्याच अंगणात खेळायची परवानगी आहे. हा तोल सांभाळायला दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक पाडतात आणि कोण किती वीज देणार, कोण किती घेणार, हे आदल्या दिवशी ठरतं. महाराष्ट्रात हे काम ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र बघतं. ऐरोलीहून लोकल पकडणाऱ्या किती जणांना माहीत असेल की आख्ख्या राज्याचा तराजू तिथे टांगलेला आहे?

कोळशाचं युनिट असेल तर आदल्या दिवशी ठरवणं सोपं. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं केंद्र आहे, कोळसा टाका, वीज घ्या. पण साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांना उद्या दुपारी सव्वातीन वाजता वारा किती, हे कोण सांगणार? अंदाज चुकला की भरपाई कुठून तरी करावीच लागते. म्हणून मग कोळशाची युनिटं अर्धवट भारावर 'तयारीत' ठेवतात. थंड पडलेलं युनिट पुन्हा पेटवून ग्रीडला जोडायला कित्येक तास लागतात, आणि साधारण ५५ टक्क्यांच्या खाली बहुतेक युनिटं उतरवताही येत नाहीत. म्हणजे वारा आला तरी कोळसा जळतोय आणि नाही आला तरी जळतोय! वरून अर्ध्या भारावर युनिटची कार्यक्षमता पडते, म्हणजे दर युनिटमागे धूर जास्त.

इथे चांगल्या अंदाजाची खरी किंमत कळते. २०१९मध्ये डीपमाइंडने अमेरिकेतल्या ७०० मेगावॉट पवनऊर्जेवर हाच प्रयोग केला. हवामानाचा अंदाज आणि टर्बाइनचा जुना डेटा घेऊन ३६ तास आधी निर्मिती सांगायची. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या विजेची किंमत साधारण २० टक्क्यांनी वाढली. गंमत बघा, वारा एक टक्काही वाढला नाही. फक्त तो कधी येणार हे आधी कळलं. आपल्याकडेही महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१८पासून सौर आणि पवन प्रकल्पांना अंदाज देणं बंधनकारक केलं आहे. फार चुकलात तर दंड. म्हणजे 'ए.आय. फॉर क्लायमेट' हे काही फक्त कॅलिफोर्नियातलं काम नाही, ते सातारा-पाटण रस्त्यावरचंही आहे.

आणि कोयना? कोयनेला आपण धरण म्हणून ओळखतो, ग्रीडवाले तिला जीवनदायिनी म्हणून ओळखत असावेत. १,९६० मेगावॉट क्षमता, आणि कोळशाच्या युनिटला जिथे तास लागतात तिथे जलविद्युतचं टर्बाइन मिनिटांत भार उचलतं. संध्याकाळी सात वाजता सूर्य गेला आणि घराघरात दिवे, टी.व्ही., एसी लागले की कोयना धावून येते. पण पाणी बेहिशोबी नाही. कृष्णेच्या पाणीवाटपात वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टी.एम.सी.ची मर्यादा आहे. आज संध्याकाळी उधळलं तर मे महिन्यात हात रिकामे. आज किती पाणी खर्चायचं हा प्रश्न उद्याच्या वाऱ्यावर, परवाच्या ढगांवर आणि एप्रिलच्या उकाड्यावर अवलंबून आहे. माझ्या मते महाराष्ट्रात ए.आय.ला देण्यासारखा ह्याहून सुंदर प्रॉब्लेम दुसरा नाही. कोणाला बी.ई. प्रोजेक्टचा विषय मिळत नसेल तर घेऊन टाका, मी कॉपीराइट मागणार नाही.

म्हणजे मी पहिल्या पार्टीची झाले का? थांबा.

ध्येय हा तिसरा शब्द आठवतोय? ऑप्टिमायझेशन शिकवताना सर पहिल्या तासाला विचारतात, 'मिनिमाइझ व्हॉट?' ह्या प्रश्नाचं उत्तर ए.आय. देत नाही. ते माणूस देतो, बहुतेक वेळा पैसे देणारा माणूस. फेब्रुवारी २०१९मध्ये एक्सॉनमोबिल आणि मायक्रोसॉफ्टने करार जाहीर केला, अमेरिकेच्या पर्मियन भागातल्या तेलविहिरींवर क्लाउड आणि मशीन लर्निंग वापरायचा. कशासाठी? उत्पादन वाढवण्यासाठी. तेच गणित, तेच न्यूरल नेटवर्क, वारा ओळखायला वापरलं तर कोळसा वाचतो आणि विहिरीला लावलं तर तेल जास्त निघतं. बिचाऱ्या अल्गोरिदमला काय, तो दोन्हीकडे इमानदार!

ह्याचं आपल्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर शेतीपंपांच्या विजेचं. माझा मामा निफाडजवळ कांदा आणि गहू करतो. शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जायचो, तेव्हा आठवड्यातले काही दिवस तो रात्री जेवून बॅटरी आणि काठी घेऊन बाहेर पडायचा, पाणी भरायला. शेताची थ्री-फेज लाइट पाळीपाळीने यायची, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. तो भाग बिबट्यांचा. मामी ओट्यावर बसून राहायची, झोपायची नाही. मी एकदा विचारलं, "मामा, रात्रीच का रे देतात लाइट?" तर म्हणाला, "अगं, दिवसा शहराला लागती ना. आपला पंप काय, रात्री पन चालतो."

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. पॉवर सिस्टीमचा पेपर अभ्यासताना मात्र 'लोड कर्व्ह फ्लॅट करणे' हा मुद्दा आला. रात्री मागणी कमी असते, तेव्हा शेतीचा भार तिकडे ढकला, म्हणजे वक्र सपाट होतो आणि केंद्रं चांगल्या कार्यक्षमतेने चालतात. पाच मार्कांचा प्रश्न आहे. मी उत्तर लिहिलं, पूर्ण मार्क मिळाले. त्या उत्तरात मामी कुठेच नव्हती. साप नव्हता, बिबट्या नव्हता, थंडीत चिखलात उभं राहणं नव्हतं. वक्र सपाट झाला ते खरं, पण त्याचं बिल ज्याने भरलं त्याचं नाव कॉस्ट फंक्शनमध्ये लिहिलेलंच नव्हतं. आणि हे सगळं ए.आय.च्या आधीचं, साध्या माणसांनी ठरवलेलं ऑप्टिमायझेशन आहे, हे लक्षात घ्या. उद्या हेच काम मशीनकडे गेलं तर ते आणखी सफाईदारपणे होईल, एवढाच फरक.

आता चित्र बदलतंय आणि तेही ए.आय.मुळे नाही. सौर वीज दिवसाच तयार होते, तेव्हा शेतीचा भार दिवसा आणणं हेच आता ग्रीडच्या सोयीचं झालं. २०१७ साली सुरू झालेली आणि २०२३ साली दुसऱ्या टप्प्यात गेलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना ह्याच तत्त्वावर आहे. गावाजवळच्या सबस्टेशनला सौर प्रकल्प जोडायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. कुठे झालंय, कुठे रखडलंय, ते ज्याच्या त्याच्या गावाला माहीत. पण दिशा बरोबर आहे. हा निर्णय धोरणाचा. ढग आल्यावर त्या फीडरचं काय करायचं, हे ठरवायला मात्र ए.आय.ने जरूर यावं.

आता दुसरी पार्टी. एका प्रश्नाने झाड मरतं का हो? गुगलने ऑगस्ट २०२५मध्ये त्यांच्या जेमिनीबद्दल आकडा दिला, एका मधल्या आकाराच्या लेखी प्रश्नाला ०.२४ वॉट-अवर. आपल्या खोलीतला जुना पंखा ७५ वॉटचा असतो. गुणाकार-भागाकार करून बघा, तो पंखा बारा सेकंद फिरला की तेवढी वीज होते. कंपनीने स्वतःबद्दल दिलेला आकडा आहे, त्यात मॉडेल शिकवण्याचा खर्च धरलेला नाही, व्हिडिओ बनवायला ह्याच्या कितीतरी पट वीज लागते, हे सगळं मान्य. तरीही जी मुलगी पंखा चालू ठेवून लेक्चरला जाते तिने दुसरीला 'तू प्रश्न विचारतेस म्हणून हिमनग वितळतात' असं सांगू नये. (रूम नंबर सांगत नाही. कळलं असेल.)

थेंब लहान आहे, पण तळं प्रचंड आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगातल्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ टेरावॉट-अवर वीज खाल्ली. जगाच्या विजेच्या दीड टक्का. आपल्या भाषेत ४१,५०० कोटी युनिट, म्हणजे भारताच्या वर्षभराच्या निर्मितीच्या पाव हिश्श्याला थोडी कमी. ही सगळी ए.आय.ची नाही, त्यात आपले ई-मेल आणि वेबसीरिजपण आल्या. पण २०३०पर्यंत हा आकडा ९४५वर, म्हणजे दुपटीच्या वर जाईल असा त्यांचा अंदाज आहे आणि ह्या वाढीत ए.आय.चा वाटा सगळ्यात मोठा. ज्या गुगलने कूलिंगची वीज ४० टक्क्यांनी उतरवली, त्याच गुगलने २०२४मध्ये कबूल केलं की २०१९च्या तुलनेत २०२३मध्ये त्यांचं एकूण उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढलं. आणि मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडचं, २०१९ साली बंद पडलेलं अणुयुनिट पुन्हा चालू करून घ्यायला वीस वर्षांचा करार केला. १९७९च्या अपघातामुळे ज्याचं नाव आपल्या पुस्तकात येतं तेच ठिकाण. अपघात झालेलं युनिट हे नव्हे, शेजारचं.

लांब कशाला, ऐरोलीलाच चला. राज्याचा तराजू जिथे टांगलाय त्याच ऐरोली, रबाळे, महापेच्या पट्ट्यात एकामागून एक डेटा सेंटर उभी राहिली आहेत. कार्यक्षमता वाढली की वापर घटतो असं आपल्याला वाटतं. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५मध्येच कोळशाबद्दल उलटं सांगून ठेवलं आहे. इंजिनं सुधारली, दर कामाला कोळसा कमी लागायला लागला, म्हणून जास्त कारखान्यांनी इंजिनं घेतली आणि एकूण कोळसा वाढला. एल.ई.डी. आल्यावर आपल्या गॅदरिंगच्या लाइटिंगचं काय झालं, ते आठवा!

हे झालं जगाचं. आता कॉलेज.

आपल्या लायब्ररीत मागच्या काही वर्षांचे बी.ई. प्रोजेक्ट रिपोर्ट आहेत. 'मशीन लर्निंगद्वारे वीजमागणीचा अंदाज' ह्या घराण्यातले मी पाच-सहा काढून वाचले. अ‍ॅक्युरसी झकास, ग्राफ रंगीत. डेटा कुठला? जवळजवळ सगळ्यांत एकच. इंटरनेटवर फुकट मिळणारा एक प्रसिद्ध डेटासेट आहे, पॅरिसजवळच्या सो नावाच्या गावातल्या एका घराचा. एकच घर! डिसेंबर २००६ ते नोव्हेंबर २०१०, दर मिनिटाला एक नोंद, मिळून वीस लाखांच्या वर. त्यात स्वयंपाकघराचा वेगळा मीटर आहे, कपडे धुण्याच्या खोलीचा वेगळा, गीझर आणि एसीचा वेगळा.

त्या फ्रेंच कुटुंबाचं मला आता घरच्यासारखं वाटायला लागलंय. त्यांची डिशवॉशर कधी चालते हे आपल्या चार बॅचेसना ठाऊक आहे. पण आपल्या हॉस्टेलचा पंप दिवसात किती तास चालतो? टाकी भरून वाहते तेव्हा किती युनिट गटारात जातात? परीक्षेच्या आठवड्यात रात्री किती वीज वाढते? कोणालाच माहीत नाही, कारण अख्ख्या इमारतीला मीटर एक. महिन्याला बिल येतं, ऑफिस ते भरतं, विषय संपला. फ्रान्समधल्या एका घराला तीन सब-मीटर आणि आपल्या तीन मजल्यांना मिळून शून्य.

अशा ठिकाणी ए.आय. आणून ते काय करणार? मोजमाप नाही. मूठ पण नाही, कारण आपल्या पंख्याचा रेग्युलेटर भिंतीवर आहे आणि तो निम्म्या खोल्यांत फक्त बंद आणि पाच एवढंच ओळखतो. राहिलं ध्येय. बिल कमी करायचं, की कार्बन, की माहितीपुस्तिकेत एक रंगीत पान वाढवायचं, हे कोणी सांगितलेलं नाही.

त्यापेक्षा कागद-पेन्सिलचा हिशोब करू. समजा १५० खोल्या आणि खोलीत दोन पंखे, म्हणजे ३०० पंखे. जुना पंखा ७५ वॉट, आता मिळणारा बी.एल.डी.सी. पंखा ३० वॉटच्या आसपास. फरक ४५ वॉट. दिवसाला बारा तास धरले तर १६२ युनिट वाचतात. हॉस्टेल वर्षातले २५० दिवस भरलेलं धरलं तर ४०,५०० युनिट. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे वर्षाला २८ टन. युनिट दहा रुपये आणि पंखा २,८०० रुपये धरा, दोन वर्षांत आणि वर थोड्या दिवसांत पैसे वसूल. ह्यात न्यूरल नेटवर्क कुठे आलं? कुठेच नाही. स्टूल आणि स्क्रू-ड्रायव्हर आला.

तसंच गच्चीवरचं सोलर वॉटर हीटर. त्याच्या किती नळ्या फुटल्यात ते गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. गरम पाणी येत नाही म्हणून कपाटात रॉड लपवलेले असतात. रेक्टर मॅडम, हे वाचून राउंडला येऊ नका, आधी पूर्ण वाचा! एक बादली पाणी तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. शंभर मुलींच्या शंभर बादल्या, पन्नास युनिट, रोज सकाळी. वरती ऊन फुकट पडतंय. रॉड जप्त करून हे पन्नास युनिट वाचत नाहीत, आठवड्याने नवा रॉड येतो. नळ्या बदलल्या तर वाचतात.

कोणी म्हणेल, म्हणजे तुझा ए.आय.ला विरोध. मुळीच नाही. प्लेसमेंटला मीपण तेच लिहिणार आहे, खोटं कशाला बोलू? पॉवर सेक्टरच्या कंपन्या कॅम्पसला येतात किती, आणि सॉफ्टवेअरच्या किती, ते आपण सगळे बघतो. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी पंखे आणि नळ्या. त्याच्याबरोबर मीटर. मग वर्षभराचा डेटा. त्यानंतर ए.आय.ने खुशाल सांगावं की पंप दुपारी बारा वाजता चालवा, कारण तेव्हा गच्चीवरच्या पॅनेलची वीज आहे, किंवा दुसऱ्या मजल्याची रात्रीची वीज अचानक वाढली, बघा काहीतरी बिघडलंय. ते त्याला उत्तम जमेल आणि ते आपणच बनवू शकतो, बाहेरून विकत घ्यायची गरज नाही.

तेव्हा प्रिन्सिपॉल सरांना आणि स्टाफला विनंती अशी. स्मार्ट कॅम्पसच्या कोटेशनवर सही करायच्या आधी प्रत्येक मजल्याला एक, पंपाला एक आणि मेसला एक, असे पाच डिजिटल सब-मीटर लावून द्यावेत. असा मीटर काही हजार रुपयांत मिळतो. बसवायला इलेक्ट्रिकलची लॅब असिस्टंट मंडळी आहेतच. रीडिंग मेसच्या दाराजवळच्या फळ्यावर रोज लिहायचं, भाजीच्या नावाखाली, म्हणजे सगळे वाचतील. पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्ट ग्रुपना फ्रेंच घराऐवजी हा डेटा द्यावा.

पहिल्या महिन्याचं रीडिंग आम्ही चौघी घेऊ, सकाळी सहा आणि रात्री दहा. रजिस्टर आणून ठेवलंय. जिन्याखालच्या पॅनेल रूमची किल्ली तेवढी रेक्टर मॅडमकडून हवी आहे.